गणपती विसर्जनानंतर ग्रीस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीसला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "सँटोरिनीत किती दिवस राहायचं?" माझ्या मते हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा असायला हवा: बोट कुठून, कोणत्या वारी, आणि ती सुटलीच नाही तर काय? ग्रीसमधल्या सुट्ट्या बिघडतात त्या बहुतेक वेळा बोटीवरून. हॉटेल साधं निघालं तर माणूस दोन दिवस कुरकुरतो. बोट चुकली की पुढचं विमान, पुढचं हॉटेल आणि घरातली शांतता, तिन्ही जातात. म्हणून या लेखात बोटीचा भाग सगळ्यात मोठा आहे, आणि खाण्याचा त्याच्या खालोखाल, कारण आपल्याकडे निम्मा कंपू शाकाहारी असतो.

तारखा आधी, बेटं नंतर

अनंत चतुर्दशीला बाप्पा पोचवले की घटस्थापनेपर्यंत जो पंधरवडा मिळतो, तो पितृपक्षाचा. आपल्याकडे या दिवसांत कुणी नवं काही ठरवत नाही, लग्नकार्यं नसतात, आणि मराठी मंडळींची परदेश सहलीची गर्दीही दिवाळीकडे सरकलेली असते. योगायोग असा की सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हाच ग्रीससाठी सर्वांत गोड काळ. घरचं श्राद्ध असेल त्या तिथीचं बघून घ्या, बाकी मोकळं रान आहे.

जुलै-ऑगस्टात अथेन्स भाजून काढतं. पारा ४० च्या घरात जातो, आणि गेल्या काही उन्हाळ्यांत तर कडक उन्हामुळे तिथली प्राचीन मंदिरांची टेकडी म्हणजे अ‍ॅक्रोपोलिस दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं. सप्टेंबरअखेर दिवसाचं तापमान २७-२८ अंशांवर येतं, रात्री १८-१९. समुद्र मात्र उन्हाळाभर तापून तेव्हाच छान कोमट झालेला असतो. हवा थंडावली तरी पाणी थंडावायला वेळ लागतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही आरामात डुंबता येतं.

वाऱ्याचं गणित आपल्या उलट आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला म्हणून होड्या बाहेर पडतात. एजियन समुद्रात नेमका तोच, जुलै-ऑगस्टचा काळ उत्तरेकडून येणाऱ्या 'मेल्तेमी' वाऱ्याचा. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा असा की टेबलावरची ताटली उडावी. सप्टेंबर सरता सरता त्याचा जोर ओसरतो. पूर्ण थांबतो असं नाही, पण पैज आपल्या बाजूने झुकते.

उशीर करण्यालाही मर्यादा आहे. १५ ऑक्टोबरनंतर बोटींच्या फेऱ्या कमी होत जातात आणि महिनाअखेरीस लहान बेटांवरची हॉटेलं, खानावळी कुलूप लावून मोकळी होतात. शिवाय दिवस आखडतो, तशा पुरातन स्थळांच्या वेळाही. अ‍ॅक्रोपोलिस ऑगस्टअखेर रात्री ८ पर्यंत उघडं असतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ७.३०, दुसऱ्यात ७, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ६.३०, असं दर पंधरवड्याला अर्धा तास आत येत जातं. संध्याकाळची वेळ ठरवताना हे ध्यानात ठेवा.

आणखी एक तारीख. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं सगळ्यांना मोफत असतात. चौघांच्या कुटुंबाला यात खासा फायदा होतो, पण फुकटाची गर्दीही तशीच असते. आई-बाबा सोबत असतील तर मी अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट काढून शांत सोमवारी जाईन, आणि मोफतचा दिवस लहान संग्रहालयांना देईन.

नकाशा उघडा आणि हात आखडता घ्या

ग्रीसची लहानमोठी बेटं मोजली तर आकडा ६,००० च्या आसपास जातो. त्यातली वस्तीची सव्वादोनशेच्या घरात. ती सगळी एका ठिकाणी नाहीत, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. सँटोरिनी, नाक्सोस, पारोस, मिकोनोस ही सायक्लेडीज बेटं अथेन्सच्या आग्नेयेला, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. ऱ्होड्स, कोस तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून. कोर्फू पार दुसऱ्या बाजूला, इटलीकडच्या आयोनियन समुद्रात. "सँटोरिनी आणि कोर्फू दोन्ही करू" म्हणणं म्हणजे एकाच सहलीत तारकर्ली आणि जगन्नाथपुरी करण्यासारखं आहे. होतं, पण मधले दिवस प्रवासात जातात. क्रीट हे तर बेट नसून एक छोटा देशच समजा: क्नोसोसचा राजवाडा, हान्याचं व्हेनिशियन बंदर, १६ किलोमीटरची समारिया घळ. त्याला स्वतंत्र आठवडा द्या, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवा.

पहिल्या खेपेसाठी ११ रात्रींचा माझा आराखडा असा. उतरल्यावर पहिली रात्र पिरेयस बंदराजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नाक्सोस, तिथे ३ रात्री. मग बोटीने सँटोरिनी, २ रात्री. तिथून अथेन्सला परत येऊन त्याच दिवशी बसने नाफ्प्लिओ या किल्ल्यांच्या जुन्या गावी, २ रात्री. शेवटच्या ३ रात्री अथेन्समध्ये.

बहुतेक लोक उलट करतात: आधी अथेन्स, शेवटी बेटं, आणि बेटावरून थेट परतीचं विमान गाठायची घाई. तसं करू नका. बेटं आधी उरका आणि जमीन शेवटी ठेवा. वाऱ्याने एक दिवस खाल्ला तर तो नाफ्प्लिओमधून कापता येतो. मुंबईच्या विमानातून कापता येत नाही.

नाक्सोस का, असं विचाराल. कारण सँटोरिनी बघायला अप्रतिम आहे, राहायला महाग आहे, आणि पोहायला बरी म्हणावी इतकीच आहे. नाक्सोसला लांबच लांब वाळूचे किनारे आहेत, डोंगरात हाल्कीसारखी गावं आहेत, बटाटे आणि चीज इतकं नावाजलेलं की अथेन्सच्या बाजारात वर पाटी लावून विकतात. बंदरात उतरताच समोर अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराचं एकटं संगमरवरी दार उभं दिसतं, 'पोर्तारा'. मंदिर कधी पूर्ण झालंच नाही. सूर्य त्या चौकटीतून मावळतो आणि तो बघायला तिकीट नाही, धक्काबुक्की नाही.

व्हिसा

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सप्टेंबरात जायचं तर जूनमध्ये अपॉइंटमेंट घ्या. उन्हाळ्यात सगळा देशच युरोपला निघालेला असतो आणि जुलैत तारखा मिळता मिळत नाहीत. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

कागद नेहमीचेच: परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि गेल्या १० वर्षांत काढलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, नोकरीतून रजेचं पत्र, विमान आणि निवासाची नोंद, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. निवासाची नोंद रद्द करता येईल अशीच करा. सोबतच्या पत्रात दिवसवार तक्ता द्या, आणि त्यातली प्रत्येक रात्र हॉटेलच्या कागदाशी जुळते का ते स्वतः बोट ठेवून तपासा. आमच्या एका नातेवाइकांच्या तक्त्यात रात्रीच्या बोटीची रात्र कुठेच धरलेली नव्हती, आणि तेवढ्यासाठी त्यांना पुन्हा कागद द्यावे लागले.

ग्रीसबरोबर इटली वगैरे जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. लंडन-दुबईत राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनाही हा व्हिसा लागतोच. तिथला निवास परवाना पुरत नाही.

उतरल्यावर

थेट विमान सोयीच्या दिवशी मिळालं तर उत्तम. नाहीतर दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. ग्रीसची वेळ सप्टेंबरात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे झोपेचा फारसा गोंधळ होत नाही.

विमानतळाच्या आतूनच मेट्रोची ३ नंबरची निळी लाइन निघते. २०२२ पासून ती थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते, म्हणून पहिली रात्र तिथे काढणं सोपं झालं आहे. रात्री उशिरा उतरलात तर चोवीस तास चालणाऱ्या बस आहेत: एक्स-९५ शहराच्या मध्याला, सिन्तग्मा चौकात जाते आणि एक्स-९६ पिरेयसला. मेट्रोत, खास करून मोनास्तिराकी आणि सिन्तग्माच्या गर्दीत, पाठीवरची सॅक पोटावर घ्या. आपल्याला लोकलची सवय आहे म्हणून आपण गाफील राहतो. तिथले खिसेकापू मात्र दारं बंद होण्याच्या क्षणाची वाट बघत असतात.

बोट

पिरेयस म्हणजे भाऊच्या धक्क्याचा विसाव्या मजल्याएवढा थोरला भाऊ. दरवाजे ई-१ पासून ई-१२ पर्यंत, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत जाणं सामानासकट अशक्यच. बंदराच्या आत फुकट बस फिरते. मेट्रो स्टेशन ई-६ च्या समोर आहे आणि सायक्लेडीजच्या बऱ्याच बोटी त्याच बाजूने सुटतात, पण शेवटचा शब्द तिकिटावरच्या दरवाज्याचा. आदल्या संध्याकाळी जेवल्यावर शतपावली म्हणून दरवाजा बघून या. सकाळी सातला झोपाळू मुलं आणि चार बॅगा घेऊन शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

बोटी दोन जातीच्या. एक मोठी, संथ, पोटात ट्रक आणि मोटारी घेणारी. हिला पिरेयस ते नाक्सोस साधारण ५ ते साडेपाच तास लागतात, सँटोरिनीपर्यंत ७ ते ८. उघडा डेक असतो, कॅफे असतो, फिरता येतं. दुसरी वेगवान कॅटामरान: सँटोरिनीला ५ तासांच्या आसपास, तिकीट बरंच महाग, बसायचं बंद केबिनमध्ये विमानासारखं. लाटा उठल्या की ही हलकी बोट जास्त उसळते. ज्यांना ताम्हिणी घाटात मळमळतं त्यांनी मोठीच घ्यावी. मी दोन्हीने गेलो आहे. दोन-तीन तास वाचवण्यासाठी पुन्हा बंद डब्यात बसणार नाही. मोठ्या बोटीच्या डेकवर, पायाशी डबा आणि समोरून एकेक बेट सरकत असताना जी सहल होते, ती बेटावर उतरल्यावरच्या सहलीहून कमी नाही.

तिकीट ऑनलाइन काढा, नावं पासपोर्टप्रमाणेच. चेक-इन करून क्यूआर कोड मोबाइलवर घेता येतो. सप्टेंबरअखेरच्या साध्या आसनांसाठी दोन-तीन महिने आधी धावाधाव करायची गरज नाही, पण मोटार चढवायची किंवा रात्रीच्या बोटीत केबिन हवी तर आधी घ्या. सुटण्याच्या पाऊण तास आधी पोचा. ग्रीक माणूस बाकी सगळीकडे निवांत, पण बोट मिनिटावर सुटते. मधल्या बेटांवर तर ती पाच-दहा मिनिटंच थांबते: मागचं लोखंडी दार खाली येतं, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, दार वर. मोठं सामान खाली मोटारींच्या मजल्यावर, बेटाच्या नावाची पाटी असलेल्या कप्प्यात ठेवायचं असतं. आपलं बेट यायच्या पंधरा मिनिटं आधी घोषणा होते. तेव्हाच खाली या. आणि पासपोर्ट, औषधं, पैसे त्या बॅगेत ठेवू नका.

आता एक ग्रीक शब्द पाठ करा: 'अपागोरेफ्तिको'. म्हणजे बंदी. वारा साधारण ८ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) पुढे गेला की बंदर अधिकारी बोटी सोडू देत नाहीत, आणि वेगवान बोटी तर त्याआधीच अडकतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होते तसंच, फक्त इथे ते लख्ख उन्हात होतं, त्यामुळे नव्या माणसाचा विश्वासच बसत नाही. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. वाद घालण्यात अर्थ नसतो. संपामुळेही बोटी बंद राहतात. संपाची सूचना बहुधा आधी येते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बातमी बघा किंवा हॉटेलच्या मालकिणीला विचारा. नाक्सोसला आमच्या मालकीणबाई सकाळी गच्चीत येऊन समोरच्या समुद्रावरचे पांढरे तुरे बघायच्या आणि सांगायच्या, आज जाईल की नाही.

सँटोरिनीची बोट अथिनिओस बंदराला लागते. उंच कड्याच्या पायथ्याशी चिंचोळी जागा, आणि वर जायला नागमोडी घाट. बोट आली की एकाच वेळी शेकडो माणसं, बस आणि टॅक्स्यांची झुंबड उडते. हॉटेलला आधीच गाडी पाठवायला सांगा. हा खर्च मला कधी जड वाटला नाही. तिथली नावंही जरा जपून उच्चारा: सूर्यास्ताचं जे प्रसिद्ध गाव, त्याला 'ओइया' म्हटलं तर बसवाला बघत राहतो. ते 'ईया'. बेटाचा हा अर्धचंद्राकार कडा म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीची उरलेली कड आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो फुटला आणि अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव राखेखाली गेलं. ते उत्खनन छपराखाली बघायला मिळतं: दुमजली घरं, रांजण, सांडपाण्याच्या नाल्या. दोन दिवसांतली एक सकाळ त्याला द्या, सूर्यास्ताचे फोटो आपोआप होतात.

नाफ्प्लिओ

याचं नाव आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या पत्रकात क्वचित दिसतं, म्हणून मुद्दाम. अथेन्सच्या किफिसोस बस स्थानकावरून केटीईएल बसने दोन-अडीच तास. केटीईएल म्हणजे तिथली एसटीच म्हणा. १८२९ ते १८३४ या काळात नवस्वतंत्र ग्रीसची राजधानी हेच गाव होतं. वर व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला पालामिदी किल्ला, खाली बंदरात 'बुर्त्झी' नावाचा चिमुकला जलदुर्ग. पालामिदीला ९९९ पायऱ्या असं गाव अभिमानाने सांगतं. मोजणाऱ्यांना त्याहून कमीच भरतात. रायगड पायी चढणाऱ्याला त्या काही नाहीत, मात्र सावली मुळीच नाही, म्हणून सकाळीच चढा. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर मागून मोटाररस्ता आहे. गंमत म्हणजे व्हेनिसने हा किल्ला १७१४ पर्यंत बांधून काढला आणि पुढच्याच वर्षी तुर्कांनी तो घेतला.

इथून मायसिनीचा सिंहद्वार आणि एपिदाव्रोसचं दगडी नाट्यगृह एका दिवसात होतात. नाट्यगृह इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं. मधोमध उभं राहून कुणी नाणं टाकलं तर सर्वांत वरच्या ओळीत ऐकू येतं असं सगळे गाइड सांगतात. नाट्यवेड्या मराठी माणसाने नाणं कशाला टाकायचं? मध्यभागी उभं राहून एक नांदी म्हणा, आणि सोबतच्यांना वर पाठवा.

अथेन्स

अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट आता वेळेच्या खिडकीसह मिळतं: तुमच्या तारखेची आणि तासाची नोंद सरकारी संकेतस्थळावर आधी करायची. एप्रिल २०२५ पासून ते ३० युरो झालं, आणि सगळी स्थळं मिळून जे एकत्रित तिकीट मिळायचं ते बंद झालं. जुन्या लेखांत त्याची शिफारस अजून सापडेल. तिकडे लक्ष देऊ नका. सकाळी ८ ची वेळ घ्या. टेकडीवरचा संगमरवर लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. चढता न येणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. तिची चौकशी आधी करून ठेवा.

टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराचं बांधकाम इसवी सन पूर्व ४४७ मध्ये सुरू झालं. त्याची आजची पडझड मात्र काळाने कमी आणि माणसाने जास्त केली आहे. १६८७ मध्ये तुर्कांनी तिथे दारूगोळा साठवला होता, व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला आणि मधला भाग उडाला. पुढे उरल्यासुरल्या शिल्पांतली बरीचशी लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने लंडनला नेली. टेकडीच्या पायथ्याचं अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय २००९ मध्ये उघडलं. त्याच्या वरच्या मजल्यावर मूळ शिल्पं आणि लंडनमधल्यांच्या पांढऱ्या प्रतिकृती शेजारी शेजारी लावल्या आहेत. कुणी काही बोलत नाही, पण रंगातला फरक बोलतो. टेकडी आधी आणि संग्रहालय नंतर, हाच क्रम ठेवा. दुपारी बारानंतर वातानुकूलित जागेत पाय टेकायला मिळतात हाही फायदा.

एक वळण घेतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यात धेनुकाकट गावचे 'यवन', म्हणजे ग्रीक, आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं एक लेणंही एका यवनाने कोरवलेलं. आपल्या लेण्यांत ज्यांची नावं आहेत त्यांच्या मुलखात आपण फिरतोय, असं मनात ठेवून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेलात तर तिथल्या वस्तू जरा निराळ्या दिसतील. आपला 'दाम' हा शब्दही त्यांच्या 'द्राख्म' नाण्यावरूनच आला आहे.

शेवटच्या एका दुपारी सुनिओला जा. अथेन्सपासून ७० किलोमीटर, समुद्रात घुसलेल्या सुळक्यावर समुद्रदेव पोसायडनचं मंदिर. बस किनाऱ्या-किनाऱ्याने जाते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या ड्रायव्हरला विचारा, कारण सूर्यास्त आणि शेवटची बस यांच्यात फार अंतर नसतं.

शाकाहारी मंडळींसाठी

घाबरू नका, आणि थेपल्यांनी अर्धी बॅग भरू नका. ग्रीक स्वयंपाकात 'लादेरा' नावाचा अख्खा वर्ग आहे: ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. 'फासोलाकिया' म्हणजे टोमॅटोतली फरसबी. 'ब्रियाम' म्हणजे वांगं, बटाटा, झुकिनी यांची भट्टीतली भाजी. 'यिगांतेस' म्हणजे पावट्याचे थोरले काका. 'गेमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या; मात्र यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू. आणि सँटोरिनीची 'फावा' ही तर आपली घरचीच वाटते: पिवळ्या डाळीचं गोळ्यासारखं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. फोडणी नाही एवढंच. न्याहारीला कोपऱ्यावरच्या बेकरीतून पालक भरलेली 'स्पानाकोपिता' किंवा तिळाचं कडं, 'कुलुरी'. दही मागाल तर जे येईल ते चक्का आहे. अगदी श्रीखंडाला बांधून ठेवतो तोच, वर मध आणि अक्रोड.

आता खाचखळगा. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासांना चालणारं जे अन्न, त्याला 'निस्तिसिमो' म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध नाही. हे ऐकून आपण निश्चिंत होतो, आणि ताटात ऑक्टोपस येतो. कारण रक्त नसलेले जलचर उपासाला चालतात. आपल्याकडे साबुदाणा चालतो आणि पोळी चालत नाही, याचं स्पष्टीकरण त्यांना दिलं तर तेही असेच चकित होतील. म्हणून नुसतं 'निस्तिसिमो' म्हणून थांबू नका. "होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना" म्हणा: मांस नको, मासे नको, समुद्रातलं काही नको. कांदा-लसणाशिवाय जेवणाऱ्यांना मात्र कठीण आहे. त्यांनी ओटा असलेलं घर भाड्याने घ्यावं. पालेभाज्या, टोमॅटो आणि डाळी कुठल्याही बाजारात मिळतात.

जेवणं उशिरा होतात. रात्री ८ ला खानावळीत गेलात तर तुम्ही आणि इतर परदेशी पाहुणे एवढेच असाल. ब्रेड न मागता येतो आणि बिलात लागतो. ही फसवणूक नव्हे, तशी पद्धत आहे.

हो-नाही मधली गंमत जेवणाच्या टेबलावरच कळते. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. 'ओही' म्हणजे नाही. वेटरने "आणखी वाढू?" विचारलं आणि तुम्ही घाईत "नै, नै" म्हणालात, की तो आनंदाने आणखी एक ताट आणतो. नकार देताना ते मान मागे टाकून जिभेने 'त्च' असा आवाज काढतात. हा आपल्याला शिकवावा लागत नाही.

उरलंसुरलं

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. डोंगरातली गावं आणि टपऱ्यांसाठी थोडे सुटे युरो ठेवा. एटीएम किंवा कार्ड मशीनने "रुपयांत वजा करू का?" विचारलं तर नाही म्हणा आणि युरोच निवडा. हॉटेलच्या दराखेरीज रात्रीमागे सरकारी कर तिथे पोचल्यावर द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तीन तारांकित खोलीला ५ युरो, चार तारांकितला १०, पंचतारांकितला १५. ११ रात्रींचा हिशेब आधीच मांडून ठेवा.

नाक्सोसला एक दिवस मोटार घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. भारतीय परवाना एकटा चालत नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची. चारचाकी बाईकच्या नादाला बेटांच्या वळणावर लागू नका.

नळाचं पाणी अथेन्समध्ये पिता येतं, सँटोरिनीत नाही. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद आहेत. दुपारी ३ ते साडेपाच गावं झोपतात, तेव्हा दुकानं बंद आणि आवाजही कमी ठेवायचा. पुण्याच्या माणसाला यात परकं काहीच वाटणार नाही. रविवारी बरीचशी दुकानं आणि सुपरमार्केट बंद, म्हणून दूध-फळं शनिवारीच आणा. कोडीन असलेली खोकल्याची किंवा दुखण्याची औषधं नेऊ नका. बाकीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. कोणत्याही संकटात नंबर ११२.

परतीच्या दिवशी सिन्तग्माहून मेट्रोने विमानतळाला पाऊण तास धरा, पण निळ्या लाइनच्या प्रत्येक गाडीचं शेवटचं स्टेशन विमानतळ नसतं. पुढच्या पाटीवर विमानाचं चित्र असेल त्याच गाडीत चढा. पिस्त्याची पाकिटं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, एयिना बेटाची. विमानतळावर तीच जवळपास दुप्पट भावाने मिळतात.